नानाकाकांना इंग्रजीत काय म्हणतात?

नात्यांच्या बाबतीत इंग्रजी भाषा किती कद्रू आहे, हे आपण सगळेच जाणतो. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान आणि शेजारच्या ब्लॉकमधले, ज्यांच्याकडे आपण पेपर मागायला जातो ते गृहस्थ, या सगळ्यांची बोळवण तिथे एका 'अंकल'वर होते. पण हाच अंकल जर कडक, शिस्तीचा, नियमावर बोट ठेवणारा आणि विनोद ऐकल्यावर घड्याळाकडे बघणारा निघाला, तर मात्र त्या भाषेची तिजोरी धडाधड उघडते. प्रूड, प्रिग, प्युरिटन, पेडंट, मार्टिनेट, स्टिकलर, किलजॉय, स्टफ्ड शर्ट, स्ट्रेट-लेस्ड... मोजता मोजता दमायला होतं. आपल्याकडे नाती पुष्कळ. त्यांच्याकडे नातं एकच, पण त्याला ठेवायची नावं पुष्कळ!

हा शोध मी काही हौसेने लावलेला नाही. आमच्या नानाकाकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला गेला तेव्हा तो लावावा लागला. माझी पुतणी लग्नानंतर इंग्लंडात गेली. तिची दोन्ही मुलं तिकडचीच. त्यांना मराठी समजतं, पण 'जेवायला चला'च्या पुढे नाही. पुतणीने फोनवरून हुकूम सोडला, "काका, नानाआजोबांवर एक पान इंग्रजीत लिहून ठेवा. मुलं कार्यक्रमात वाचतील. ते किती स्ट्रिक्ट आहेत ते त्यात यायला हवं. पण चांगल्या अर्थाने हं!"

घरात इंग्रजी मजकूर लिहायचा म्हटला की तो आपोआप माझ्याकडे येतो, कारण मी तीस वर्षं कचेरीत ड्राफ्ट लिहिले. 'आपल्या पत्राच्या संदर्भात कळवण्यात येते की' हे मी झोपेतही इंग्रजीत म्हणू शकतो. पण 'स्ट्रिक्ट, पण चांगल्या अर्थाने' हा मजकूर कुठल्याच फायलीत आला नव्हता. म्हणून मी डिक्शनरी उघडली आणि पुढचे तीन आठवडे तिच्यातून बाहेर आलो नाही.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे सर्वांत धाकटे भाऊ. त्यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झाली. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनाच्या बुडाशी शिशात मारलेला सरकारी छाप बघायचा, पारड्याखाली कोणी चिंचेचा गोळा चिकटवलाय का हे बोटाने चाचपायचं, हे त्यांचं काम. ते मंडईत शिरले की पहिल्या गाळ्यापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत एक विलक्षण प्रामाणिकपणा पसरत जायचा. बाकीची माणसं नोकरी कचेरीत ठेवून घरी येतात. नानाकाका तराजूसकट घरी यायचे. श्रीखंड वाढताना त्यांचा डाव आमच्या वाट्यांवरून असा फिरायचा, की चारोळ्यासुद्धा प्रत्येकाला सारख्या मिळायच्या. 'काटेकोर' या शब्दातला काटा मला तेव्हापासून तराजूचाच दिसत आलेला आहे.

सहस्रचंद्रदर्शनाचंच बघा. सहस्रचंद्र म्हणजे हजार पौर्णिमा. हिशेब केला तर वयाला साधारण ८० वर्षं आणि १० महिने व्हावे लागतात. पुतणीच्या मुलांना नाताळची सुट्टी, म्हणून आम्ही कार्यक्रम जरा अलीकडे, डिसेंबरात ठरवला. हॉलला अ‍ॅडव्हान्स द्यायला निघालो, तर नानाकाका वही घेऊन समोर.

"नऊशे शहाण्णव होतात," ते म्हणाले.

"काय नऊशे शहाण्णव?"

"पौर्णिमा. नऊशे शहाण्णवला सहस्र म्हणत नाहीत."

"अहो नानाकाका, चार पौर्णिमांनी काय होतंय?"

"किलोला नऊशे शहाण्णव ग्रॅम देणारा वाणीही हेच म्हणतो."

झालं. कार्यक्रम चार महिने पुढे, ईस्टरच्या सुट्टीत गेला. आता अशा माणसाला इंग्रजीत काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

डिक्शनरीत पहिला भेटला तो प्रूड. हा शब्द अठराव्या शतकाच्या तोंडाशी फ्रेंचमधून इंग्रजीत आला. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रूदफाम' म्हणजे सद्गुणी, भली बाई. तिचा पुरुषी अवतार 'प्रुदोम', म्हणजे भला, जाणता गृहस्थ. आता गंमत पाहा. फ्रान्समध्ये मालक आणि कामगार यांचे तंटे सोडवणारी जी न्यायालयं आहेत, त्यांत बसणाऱ्यांना आजही प्रुदोम म्हणतात. म्हणजे भला पुरुष न्यायासनावर चढून बसला. आणि भली बाई? ती बिचारी खाडी ओलांडून इंग्लंडात आली आणि उठल्यासुटल्या नाक मुरडणारी म्हणून बदनाम झाली. हा सगळा इतिहास मी मोठ्या उत्साहाने आमच्या सौ.ला सांगितला. ती म्हणाली, "यात नवीन काय सांगितलंत?"

पण इंग्रजांना हसायच्या आधी आपण आपलं घर बघावं. आपला 'शिष्ट' शब्द घ्या. संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकलेला, सुसंस्कृत माणूस. शिष्टाचार, शिष्टसंमत, शिष्टमंडळ या शब्दांत त्याचा मान अजून टिकून आहे. पण तोच शिष्ट समासातून सुटून एकटा बाहेर पडला, की लोक म्हणतात, "भारी शिष्ट आहे हो!" आणि चहाचंही विचारत नाहीत. 'शिष्टमंडळात सगळे शिष्ट होते' हे वाक्य बातमी म्हणून छापता येतं आणि अब्रूनुकसानी म्हणूनही. शहाण्याची तीच गत. नुसता शहाणा बरा, मोठा शहाणा वाईट आणि दीडशहाणा तर अगदीच कामातून गेलेला. चांगुलपणाच्या शब्दांना कुठल्याही देशाचं हवापाणी फार दिवस मानवत नाही, हेच खरं.

प्रिगची कथा याहून चमत्कारिक. आज प्रिग म्हणजे आपल्या सदाचाराचा दर्प वागवणारा, दुसऱ्याला सतत धडे देणारा माणूस. पण सोळाव्या शतकात इंग्लंडातल्या भुरट्या चोरांच्या बोलीत प्रिग म्हणजे चोर! मधल्या काळात तो नटवा, छानछोकी करणारा झाला आणि तिथून वळण घेत घेत सदाचारी होऊन बसला. चोराने उतारवयात प्रवचनं द्यावीत तसा हा प्रकार. नानाकाकांच्या बाबतीत हा शब्द वापरायची माझी छाती नव्हती. ज्यांनी आयुष्यभर मापातले चोर पकडले, त्यांना मी चोराचा जुना सदरा कसा घालू?

स्ट्रेट-लेस्ड हा शब्द मला आधी बरा वाटला. स्ट्रेट म्हणजे सरळ, नाकासमोर चालणारा, अशी माझी समजूत शब्दाच्या तोंडावरून झाली होती. पण हा स्ट्रेट तो नव्हे. हा अरुंद, आवळलेला या अर्थाचा जुना शब्द. लेस म्हणजे चोळीची नाडी. ज्याची नाडी करकचून आवळलेली आहे तो स्ट्रेट-लेस्ड. म्हणजे ज्याला श्वास घ्यायला जागा नाही, तो दुसऱ्यालाही मोकळा श्वास घेऊ देत नाही, असा त्यातला भाव. तुलना मार्मिक आहे, पण आयुष्यभर सैल लेंगा घालून वावरलेल्या आमच्या काकांना ती कुठून लागू व्हावी? याच कपाटातला दुसरा कपडा म्हणजे स्टफ्ड शर्ट, पेंढा भरलेला सदरा. आपण ज्याला 'कडक इस्त्रीचा' म्हणतो, तोच हा. फरक एवढाच, की आपल्या सदऱ्यात निदान माणूस असतो.

मग आला मार्टिनेट. हा खराखुरा माणूस. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पायदळात झां मार्तिने नावाचा अधिकारी होता. सैनिकांना कवायतीत असं काही घोळून काढायचा, की पुढे इंग्रजीत प्रत्येक शिस्तखोर अधिकाऱ्याला त्याचं नाव पडलं. १६७२ साली एका वेढ्यात तो मेला, आणि मेला तो आपल्याच बाजूच्या माऱ्यात. शत्रूच्या गोळीने मरायचं भाग्य शिस्तीच्या माणसाला सहसा लाभत नाही. विशेष म्हणजे खुद्द फ्रेंच लोक त्या शब्दाने असला माणूस ओळखतच नाहीत. त्यांच्याकडे मार्तिने म्हणजे मुलांना धाक दाखवायचा वाद्यांचा छोटा चाबूक, नाहीतर आकाशात भिरभिरणारी पाकोळी. कवायत घेणाऱ्याचं नाव शेवटी पाखराला मिळावं, यात मला तरी काही न्याय दिसतो.

या सगळ्या गर्दीत मला अगदी माहेरचं माणूस भेटावं तसं कोणी भेटलं असेल, तर त्या मिसेस ग्रंडी. टॉमस मॉर्टन नावाच्या नाटककाराचं १७९८ सालचं 'स्पीड द प्लाउ' नावाचं विनोदी नाटक आहे. त्यात एका शेतकऱ्याच्या बायकोला सारखी धास्ती, की शेजारच्या ग्रंडीबाई काय म्हणतील! लोणी काढलं तरी ग्रंडीबाई, मुलीचं लग्न ठरलं तरी ग्रंडीबाई. आणि या ग्रंडीबाई अख्ख्या नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाहीत. न येता त्या इतक्या गाजल्या, की पुढची दीडशे वर्षं इंग्रजीत लोकलज्जेचं नावच मिसेस ग्रंडी होऊन बसलं. वाचून मला गहिवरून आलं. आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर एक ग्रंडीबाई होती, आणि तिच्याही घरात 'लोक काय म्हणतील' या धास्तीने पडदे ओढलेले असत. आपल्याकडचे 'लोक'सुद्धा आजवर कुणी रंगमंचावर पाहिलेले नाहीत. आपण त्यांना भितो आणि ते आपल्याला भितात. संसार चालले ते या परस्परभीतीवर.

मिसेस ग्रंडी फक्त बघत. डॉक्टर टॉमस बाउडलर कात्री घेऊन आले. शेक्सपिअर घरातल्या बायकामुलांसमोर मोठ्याने वाचता यावा, म्हणून नको ते शब्द गाळून काढलेला 'फॅमिली शेक्सपिअर' १८०७ साली निघाला. १८१८ च्या दहा खंडांच्या आवृत्तीवर डॉक्टरांचं नाव आलं आणि त्यावरून इंग्रजीत 'बाउडलराइझ' हे क्रियापद तयार झालं. यातली खरी मेख पुढेच आहे. पहिल्या आवृत्तीची बरीचशी कात्री चालवली होती ती डॉक्टरांच्या बहिणीने, हॅरिएटने. पण अविवाहित बाईचं नाव त्यावर घालायचं कसं? काय गाळायचं हे तिला कळलं, म्हणजे ते तिला समजत होतं असा अर्थ झाला असता! सोवळेपणाची ही परमावधी. इतकं सोवळं, की सोवळं नेसलेलं कुणाला दाखवायचीही चोरी.

बाउडलरचा सदरा मात्र नानाकाकांना अंगाबरोबर बसतो, हे मला कबूल केलं पाहिजे. आमच्या लहानपणी घरात दिवाळी अंक आले की ते आधी नानाकाकांच्या टेबलावर जायचे. तिथून आमच्या हाती पडायचे तेव्हा त्यातल्या काही व्यंगचित्रांवर ब्राऊन पेपरच्या चौकोनी चिकट्या असायच्या. चिकट्याही अशा, की पट्टी लावून बघा, चारही कोपरे काटकोनात! त्याचा परिणाम एकच झाला. तीनशे पानांच्या अंकात नेमकं कुठे बघायचं, हे शोधायचे आमचे कष्ट वाचले. अंक उन्हात धरला की काम भागायचं. डॉक्टर जॉन्सनची एक गोष्ट सांगतात. त्याचा शब्दकोश १७५५ साली निघाला, तेव्हा त्यात वाईट शब्द घातले नाहीत म्हणून काही सभ्य स्त्रियांनी त्याची तारीफ केली. जॉन्सनने उलट विचारलं, की म्हणजे तुम्ही ते शोधून पाहिलेत तर! नानाकाकांची ब्राऊन पेपरची गुंडाळी आठवली की मला ही गोष्ट आठवते.

बाकी 'व्हिक्टोरियन' या शब्दाची एक गंमत सांगायलाच हवी. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्रज लोक लाजेपोटी पियानोच्या पायांनासुद्धा पायमोजे चढवत, असं आपण ऐकत आलो. मूळ पुरावा काय, तर कॅप्टन मॅरिअट नावाच्या इंग्रज लेखकाचं १८३९ सालचं अमेरिकेचं प्रवासवर्णन. अमेरिकेतल्या एका मुलींच्या शाळेत पियानोच्या पायांना झालरीच्या तुमानी घातलेल्या पाहिल्या, असं त्याने लिहिलं. म्हणजे इंग्रज अमेरिकनांना हसत होता आणि ते हसू फिरून इंग्रजांच्याच गळ्यात पडलं! ऑस्ट्रेलियाही यात मागे राहिली नाही. दारूपासून नाचापर्यंत सगळं बंद करा म्हणणाऱ्यांसाठी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'वाउझर' हा शब्द निघाला. तो नुसता उच्चारला तरी कुत्रं भुंकल्यासारखं वाटतं. १७६५ साली लंडनमध्ये निघालेल्या पुस्तकातली ती बिचारी अनाथ पोर. तिच्या एकाच पायात जोडा होता. दोन मिळाल्यावर आनंदाने सगळ्यांना दाखवत फिरली, म्हणून तिचं नाव गुडी टू-शूज. आज ते नाव गुणी असल्याचा तोरा मिरवणाऱ्यांना चिकटवतात. जोडे मिळाल्याचा आनंद करण्याचीसुद्धा सोय नाही!

तीन आठवड्यांनी माझ्या वहीत अठ्ठावीस शब्द जमले आणि पुतणीचं पान कोरंच होतं. अठ्ठाविसांत एकही 'चांगल्या अर्थाने' नव्हता. विचार केल्यावर त्याचं कारण लक्षात आलं. हे शब्द कोणी बनवले? ज्यांची सुट्टी रद्द झाली, ज्यांचं पुस्तक जप्त झालं, ज्यांच्या पारड्याखालची चिंच निघाली, त्यांनी. शिस्तीची माणसं नियम करतात, शब्द दुसरी माणसं करतात. शब्दांच्या वाटणीच्या वेळी शिस्तीची माणसं बहुधा कुठल्यातरी रांगेत आपला नंबर येण्याची वाट बघत उभी असणार.

आणि ही शब्द करणारी माणसं उगाच चिडलेली होती असंही नाही. आमच्या आजीचं सोवळं मला आठवतं. दोरीवरच्या धाबळीला चुकून हात लागला की आम्ही नातवंडं पळत सुटायचो आणि आजी मागे लागायची. त्याच्या गोष्टी सांगून आम्ही आजही हसतो. पण त्याच घराच्या पायरीखाली कोणीतरी ओंजळ धरून उभं असे आणि आजी वरून पाणी ओतत असे. त्या ओंजळीच्या बाजूने बघितलं तर यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून या अठ्ठावीस शब्दांपैकी निम्मे तरी लोकांनी पुरेपूर कमावलेले आहेत, असं माझं मत झालं. दुसऱ्याला मोजायला तराजू काढणारे आणि आपल्यालाच पारड्यात बसवणारे, अशा दोन जाती शिस्तीच्या माणसांत असतात. इंग्रजीने दोघांना एकाच पोत्यात भरलं, एवढीच माझी तक्रार.

नानाकाका कुठल्या जातीचे, हे मला १९८४ साली कळलं. त्या वर्षी आमच्या वाड्याची वाटणी झाली. वाटणी म्हणजे काय असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आमच्या आळीत एका भिंतीवरून दोन सख्खे भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत. एका घरात तर पाटा एकाकडे आणि वरवंटा दुसऱ्याकडे गेला. माझे वडील थोरले, मधले काका तापट, आणि दोघांनी मिळून वाटणीचं काम सोपवलं ते सगळ्यांत धाकट्या भावावर. नानाकाकांनी आठ दिवस रजा काढली. खोल्या फुटपट्टीने नाही, टेपने मोजल्या. भिंतींची जाडी धरली. बंब, घंगाळं, पातेली, सगळी तांब्यापितळेची भांडी वजनकाट्यावर चढली. मागच्या आंब्याची गेल्या पाच वर्षांतली फळं वहीत मांडली, कारण ती वही त्यांच्याकडे होतीच! तीन वाटे केले, तिन्हींच्या याद्या भिंतीला लावल्या आणि म्हणाले, "आता उचला. दादा आधी, मग तुम्ही. ज्याने वाटे केले त्याने शेवटी उचलायचं असतं."

शेवटी उरली ती पश्चिमेची खोली. दुपारी दोन वाजता तिच्या भिंतीवर पापड भाजून घ्यावा. वडील म्हणाले, "अरे, चिठ्ठ्या तरी टाकू." नानाकाका म्हणाले, "याद्या बघा. माप बरोबर आहे." माप बरोबरच होतं. त्या खोलीबरोबर त्यांनी स्वतःला चार फूट अंगण जास्त धरलं होतं, उन्हाची भरपाई म्हणून. फक्त त्या अंगणातही ऊनच होतं.

त्या खोलीत काकूंनी चाळीस उन्हाळे काढले. पंख्याखाली ओला पंचा टाकून पडलेल्या काकू एकदा मला म्हणाल्या, "यांच्या तराजूत सगळ्यांचं माप बरोबर असतं रे. माझंच तेवढं पासंगाला जातं." त्या हे हसत म्हणाल्या. मीही हसलो. पण नानाकाका शेजारच्या आरामखुर्चीत होते, त्यांनी पेपर जरा वर धरला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा आला. तो आजही आहे. उन्हाळ्यात दर दोन तासांनी त्यावर पाणी मारायचं काम नानाकाका स्वतः करतात. घड्याळ लावून.

आमच्या वाड्यात त्यानंतर कधी वकील आला नाही. तिन्ही घरांचा गणपती एकच आहे. मधल्या काकांचे आणि वडिलांचे खटके उडायचे ते राजकारणावरून, भिंतीवरून कधीच नाही. आज वाड्यातली पोरं जगभर पांगली आहेत, आणि हजाराव्या पौर्णिमेला सगळी परत यायला एका पायावर तयार झाली. ती ज्या माणसामुळे अजून एकमेकांशी बोलतात, त्याला काय मी मार्टिनेट म्हणू?

एका रात्री पुन्हा डिक्शनरी घेऊन बसलो आणि ज्या शब्दावरून मी चारदा पुढे गेलो होतो, तिथे थांबलो. स्टिकलर. आज त्याचा अर्थ बारीकसारीक नियमांवर अडून बसणारा, कटकट्या. मला वाटलं होतं, डिंकासारखा चिकटतो तो स्टिकलर. पण हा शब्द चिकटण्यातला नाही. त्याच्या मुळाशी जे जुनं इंग्रजी क्रियापद आहे, त्याचा अर्थ मांडणी करणं, व्यवस्था लावणं. सोळाव्या शतकात स्टिकलर म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात दोघा मल्लांच्या मध्ये उभा राहून खेळ नियमाने होतो की नाही हे बघणारा माणूस. इंग्लंडच्या पश्चिम टोकाला कॉर्नवॉल म्हणून मुलूख आहे, तिथल्या कुस्तीत अजूनही या माणसाला स्टिकलरच म्हणतात. सगळे त्याच्यावर ओरडतात. दोन्ही बाजूंना तो दुसऱ्याला फितूर वाटतो. बक्षीस त्याला कधीच मिळत नाही. पण तो नसेल तर तिथे कुस्ती नसते, मारामारी असते.

मी तेवढ्या रात्री पान लिहून काढलं. मल्ल घातले, आखाडा घातला, १९८४ सालची वाटणी घातली, वाळ्याचा पडदाही घातला. इंग्रजी माझ्या ड्राफ्टांना शोभेलसंच होतं, पण शब्द सापडला होता. तरी म्हटलं, ज्याच्या मापाचा सदरा आहे त्याच्या अंगाला लावून बघावा. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाकाकांकडे गेलो आणि ते पान त्यांना मराठीत समजावून सांगितलं. पूर्वी या शब्दाचा अर्थ पंच असा होता, आता तो बिघडलाय, पण आम्ही तो तुमच्यासाठी जुन्या अर्थानेच वापरतोय, असंही म्हणालो.

नानाकाकांनी चष्मा पुसला. पान हातात घेतलं, समास बघितला, खालीवर सारखा आहे की नाही ते पाहिलं. खिडकीला वाळ्याच्या पडद्यावरून पाणी ठिबकत होतं. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि मुद्दाम थांबल्या.

"पंच म्हणजे पाच," नानाकाका म्हणाले. "त्या वेळी मी एकटाच होतो."